तिसरी कॉफी

हातोडीचा पहिला ठोका बसला तेव्हा मेरिमाच्या हातात पाण्याचा ग्लास होता. दुसरा बसला तेव्हा तो जमिनीवर होता. आणि तिसरा बसला तेव्हा रझिया मावशी टेबलाखाली होत्या.

सत्तरीच्या रझिया मावशी... एरवी खुर्चीतून उठायचं तर दोन्ही गुडघ्यांना हात टेकून बिस्मिल्ला म्हणणाऱ्या... डोक्यावर पर्स धरून टेबलाखाली बसल्या होत्या. मेरिमाच्या नव्या खोलीतला पहिला दिवस, पहिला तास आणि आलेलं पहिलंच माणूस!

मेरिमा त्यांच्यापासून जरा लांबच, जमिनीवर उकिडवी बसली. हात मुद्दामच लावला नाही.

"मावशी, मी मेरिमा. हा आवाज खालच्या दुकानातून येतोय. मी खाली जाते, तो थांबवते आणि परत येते. दार उघडंच ठेवते. चालेल?"

पर्स किंचित हलली.

मग मात्र मेरिमा जी सुटली! एका पायात सपाता, दुसऱ्या पायात नुसता मोजा. मार्च महिना होता, सारायेव्होच्या छपरांवरून बर्फाचं पाणी ठिबकत होतं, आणि तांबट गल्लीच्या दगडांवर तिचा मोजा पहिल्याच पावलाला भिजून चिंब झाला.

खालच्या दुकानात भिंतभर तबकं, सुरया, लांब दांड्यांचे जेज्वे... कॉफी करायच्या त्या तांब्याच्या भांड्यांची तर माळच लटकत होती. मध्ये ऐरणीवर वाकलेली एक रुंद पाठ. कानांवर जाडजूड कानझाप.

"अहो!"

ठण्.

"अहो उस्ताद!"

ठण्. ठण्.

शेवटी ती वळसा घालून थेट त्याच्या नाकासमोर जाऊन उभी राहिली. तो असा काही दचकला की हातोडी एकीकडे, तबक दुसरीकडे आणि उस्ताद तिपाईवरून खाली!

"या अल्ला! बाई, माणूस आहात की जिन्न? सांगून यायला काय होतं?"

मेरिमा भांडायला आली होती. पण त्याच्या एका भुवईवर तांब्याची लालसर धूळ बसली होती आणि ती भुवई अशी वर चढली होती की... तिला हसूच फुटलं.

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच सांगायला आलेय मी!"

त्यानं कानझाप काढली. कपडे झटकत उठला. तिच्या पायाकडे पाहिलं... भिजलेल्या मोज्याकडे, मग एकट्या सपातेकडे.

"दुसरी कुठे हरवली?"

"वर. एका बाईंना तुमच्यामुळे टेबलाखाली बसावं लागलंय, त्यांच्या सोबतीला."

त्याचा चेहरा एकदम उतरला. थट्टा गेली. "तुम्ही वर आलेल्या डॉक्टरीणबाई ना? मनाच्या?"

"मी डॉक्टर नाही. मानसोपचारक आहे. मेरिमा."

"मी नेदिम. बसा, कॉफी टाकतो. निदान एक... स्वागताची."

"मग दुसरी गप्पांची, आणि तिसरी 'उठा आता'ची. त्यापेक्षा तिसरीच द्या, उस्ताद, लगेच निघते."

"पहिल्या दोन घेतल्याशिवाय आमच्याकडे तिसरी मिळत नाही. आजोबांच्या वेळचा नियम आहे."

बॉस्नियात हा हिशेब दुधाच्या दातांबरोबरच येतो. पाहुणा आला की पहिली कॉफी, बोलणं रंगलं की दुसरी, आणि यजमानानं न विचारता तिसरी ओतली की पाहुण्यानं जोडे शोधायचे. शब्द खर्ची न घालता माणसाला दारापर्यंत पोचवायची इतकी गोड युक्ती दुसऱ्या कुणाकडे नसेल.

"मी तुम्हाला ठोकू नका म्हणत नाही," मेरिमा म्हणाली. "पोट आहे तुमचं त्यावर. फक्त आधी कळवा. माणूस आवाजाला तेवढा भीत नाही... न सांगता आलेल्या आवाजाला भितो. आत्ता तुम्ही नाही का भ्यायलात?"

"मी भ्यायलो नाही. तिपाई डुगडुगते."

"बरं, तिपाईला सांगा." तिनं कोपऱ्यातल्या नळीकडे बोट दाखवलं. इमारत उबदार ठेवणाऱ्या गरम पाण्याची ती जुनी लोखंडी नळी त्याच्या दुकानातून निघून थेट तिच्या खोलीत जात होती. "सुरू करायच्या आधी हिच्यावर तीनदा वाजवा. हलकेच. मी वरून दोनदा वाजवलं, की 'हो'."

"आणि नाही वाजवलंत तर? मी काय हात बांधून बसू?"

"तर स्वतःसाठी कॉफी करा."

ती वळली. दारात पोचली तेव्हा मागून आवाज आला, "डॉक्टरीणबाई, आता मी तुमच्या मोज्याला हसणार आहे. चालेल?"

तिनं मागे न बघता दाराच्या चौकटीवर बोटानं दोनदा वाजवलं.

*

वरची खोली छोटीच होती. दोन खुर्च्या. त्यातली येणाऱ्याची खुर्ची नेहमी दाराजवळ, म्हणजे वाटलं तर चटकन निघता येईल. लांबलचक टेबलावर माती, कोळशाच्या कांड्या, बटणांचा डबा, चिंध्या, लोकरीचे गुंडे. मेरिमाचा इथे एकच नियम होता – काही सांगायलाच हवं असं नाही. हातांना जे सुचेल ते करा. ज्या गोष्टींना तोंडातून वाट सापडत नाही, त्या कधीकधी बोटांमधून येतात.

हे ती पुस्तकात शिकली होतीच, पण त्याआधी तळघरात शिकली होती. युद्धात सारायेव्होला वेढा पडला, लोक तळघरांत राहू लागले, त्या वेढ्याच्या दुसऱ्या वर्षी ती जन्मली. आठवणी तिच्या नाहीत, आईच्या आहेत. पण चार वर्षांची होईपर्यंत मेरिमा बोललीच नाही. तळघरातून आणलेल्या कोळशानं भिंतींवर रेघा ओढायची फक्त. आणि तिची आई, फादिला, त्या रेघांना उत्तर म्हणून शेजारी दुसऱ्या रेघा ओढायची. भिंत भरली तेव्हा पोर बोलली.

एरवी फादिला म्हणजे सूचनांचं भांडार. "मोजे घाल. केस ओले ठेवून जाऊ नकोस. दोन्ही खिडक्या एकदम उघडू नकोस, आरपार वारं लागेल." तिशी ओलांडलेल्या मुलीला कोणत्या फुटपाथवरून चालावं हेही ती सांगायची. कुठलाही प्रश्न विचारा, फादिलाकडे उत्तर तयार. मेरिमाला कधी हसू यायचं, कधी चीड.

ती स्वतः मात्र उलटी निघाली. कुणी काही विचारलं की तिचं ठरलेलं, मऊ आवाजातलं उत्तर – "तुम्हाला काय वाटतं?" येणाऱ्या माणसांना त्यानं बळ यायचं. मैत्रिणींना वैताग.

नळीवरचं बोलणं आता रोजचंच झालं होतं. सकाळी खालून टक टक टक. वरून टक टक. मग ठण् ठण् सुरू. रझिया मावशी दर मंगळवारी यायच्या, मातीचा एक गोळा तासभर हातात फिरवायच्या, तोच परत ठेवून निघून जायच्या. सहा आठवडे एक शब्द नाही.

सातव्या मंगळवारी खालून तीन टकटकी आल्या. मेरिमा उठणार इतक्यात रझिया मावशींनी बोटातली अंगठी पुढे केली आणि नळीवर दोनदा वाजवलं.

टक. टक.

खाली ठण् ठण् सुरू झालं. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं होतं. "आम्ही तळघरात असंच विचारायचो," त्या म्हणाल्या. आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा. "आहात का? ...आहोत."

मेरिमानं त्या दिवशी स्वतःला घट्ट धरून ठेवलं. तास संपला, मावशी गेल्या, आणि मग ती खाली गेली. नेदिमनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं. जेज्वा विस्तवावर ठेवला. फेस वर आला तसा अलगद उचलला, फिल्जानमध्ये ओतला. कान नसलेला तो चिमुकला पेला तिनं दोन्ही हातांत धरला.

"आज कुणाचं काय झालं ते मी सांगू शकत नाही," ती म्हणाली.

"मी कुठे विचारलं?"

"म्हणूनच तर इथे आले."

तिनं साखरेचा खडा कॉफीत बुडवला, चावला. तो बघत राहिला. मग घाईघाईनं म्हणाला, "आता मी तुला 'तू' म्हणणार आहे. चालेल?"

तिनं फिल्जानवर नखानं वाजवलं. एकदा... मग मुद्दाम थांबली. त्याचा जीव टांगणीला लागलेला बघितला. मग दुसऱ्यांदा.

"छळवादी आहेस," तो म्हणाला.

"तिपाई डुगडुगतेय का?"

*

उन्हाळ्यात लिंडनची झाडं फुलली, सगळ्या शहराला मधाचा वास आला आणि दुपारची कॉफी दोघांच्या अंगवळणी पडली. रोज दोन फिल्जान. दुसरा संपत आला की नेदिम जेज्वा उलटा करून दाखवायचा. "बघ, संपली. तिसरी नाही. तुला जायचं असेल तर तुझ्या पायांनी जा, मी हाकलणार नाही."

दर गुरुवारी मेरिमाकडची दोन-तीन माणसं दुकानात येऊन ठोकू लागली, ही कल्पनाही रझिया मावशींचीच. "मला तो आवाज स्वतः काढायचाय," त्या म्हणाल्या होत्या. पहिल्या दिवशी मेरिमा धास्तावून त्यांच्या शेजारी उभी होती. मावशींनी हातोडी उचलली, हाणली... आणि एखाद्या पोरीसारख्या खिदळल्या. नेदिम त्यांना तबकाला मठार द्यायला शिकवू लागला. एका ठोक्याला लागून दुसरा, त्याला लागून तिसरा.

"उस्ताद, माझा हा वाकडा पडला," मावशी कुरकुरायच्या.

"राहू दे. सगळे सरळ असले तर लोक म्हणतात यंत्राचं आहे."

एकदा सगळे गेल्यावर मेरिमानंही हातोडी घेतली. पाच-सात ठोक्यांनंतर पत्रा वाकेनासा झाला.

"थांब, थांब, चिरेल!" नेदिमनं पत्रा चिमट्यात पकडला. "तांबं ठोकून ठोकून ताठ होतं. मग त्याला पुन्हा विस्तवावर धरायचं, लाल होईस्तोवर. मऊ पडतं. मग परत काम." पत्रा हळूहळू तापत होता. त्याचा लालसर उजेड त्याच्या गालावर. "मेरिमा, तू सगळ्यांचं ऐकतेस. दिवसभर. मग तू कधी... विस्तवाजवळ बसतेस?"

"तुला काय वाटतं?"

"हे बघ! आलं! पाच महिन्यांत मी तुला शंभर प्रश्न विचारले असतील. मला तुझ्याबद्दल ठाऊक काय, तर तुझ्या मोज्यांचा रंग."

ती हसली. पण घरी जाताना, बिस्त्रिकचा चढ चढताना, तो तापलेला पत्रा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

*

ऑक्टोबरात त्रेबेविच डोंगर धुक्यात बुडाला. घराघरांत कपाटांवर बिहीची पिवळी फळं मांडली गेली. आणि नेदिमच्या मामाचा ऑस्ट्रियातल्या ग्राझहून फोन आला. तिथल्या जुन्या चर्चच्या इमारतींचं तांबेकाम दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात जागा होती. पगार चांगला, राहायला घर. एक अट, 'हो' किंवा 'नाही' शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं. 'हो' असेल तर सोमवारची बस.

नेदिमनं दुसरा फिल्जान ओतता ओतता हे सांगितलं. मग हातातला जेज्वा खाली ठेवला.

"इथे आजोबांचं दुकान आहे. पण गिऱ्हाईक तबकं हातात घेऊन फोटो काढतं आणि जातं... ते असू दे. दुकानासाठी मी थांबणार नाही. दुसऱ्या एका कारणासाठी थांबेन." त्यानं तिच्याकडे सरळ बघितलं. आज भुवईवर धूळ नव्हती. मुद्दाम पुसली होती, हे तिला कळलं. "मेरिमा, जाऊ की थांबू?"

तिच्या छातीत काहीतरी ओरडलं. पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच, मऊ...

"तुला काय वाटतं?"

नेदिम उभा राहिला. त्याचा आवाज चढला नाही, हेच जास्त लागलं.

"मी तुझ्या दाराजवळच्या खुर्चीत बसलेलो नाही, मेरिमा. मी तुझा पेशंट नाही."

बाहेर एक फेरीवाला चेस्टनट भाजत होता. त्याचा कोळसा तडतडला.

"शुक्रवारी ये," ती घाईनं म्हणाली. "घरी. दुपारी. तेव्हा सांगते. नक्की."

"नक्की?"

तिनं ऐरणीवर दोनदा वाजवलं.

*

शुक्रवारी फादिलानं बिहीचा मुरंबा काचेच्या वाटीत काढला, पाहुण्याच्या सपाता दाराशी मांडल्या, मुलीच्या गळ्याला रुमाल गुंडाळला. "खिडकी एकच उघडी ठेव. मी शेजारी जाते, माझं लोकरीचं काम आहे," असं म्हणून ती निघाली. लोकर मात्र सोफ्यावरच राहिली.

नेदिम आला. इस्त्रीचा शर्ट, हातात मिठाईची पुडी. मेरिमानं कॉफी ओतली.

"थंडी पडली यंदा लवकर," ती म्हणाली.

"पडली."

"...आईनं बिही जास्तच आणली."

"वास छान येतोय."

तिनं तोंड उघडलं. सांगायचा होता एकच शब्द. सकाळपासून आरशासमोर घोकलेला. तो जिभेच्या टोकापर्यंत आला आणि घशात असा काही काटा अडकला की तिनं घाबरून जेज्वा उचलला. दुसरी ओतली.

मग ती धुक्याबद्दल बोलली. ट्रामच्या नव्या रुळांबद्दल बोलली. तो वाट बघत होता... फिल्जान बोटांत फिरवत, मान जराशी तिरकी करून. ती जशी लोकांची वाट बघायची, अगदी तशी. बोलायचंय पण शब्द निघत नाही, हे असं असतं तर! किती वर्षं ती टेबलाच्या त्या बाजूला बसत आली होती. आज पहिल्यांदा या बाजूला होती.

आता बोलते. आता. हे एवढं झालं की...

हातांना काहीतरी हवं होतं. तिनं जेज्वा उचलला आणि ओतला.

नेदिमची बोटं थांबली. त्यानं फिल्जानकडे पाहिलं. मग तिच्याकडे... फार वेळ. तिला वाटलं, आता तो काही विचारेल. पण तो तांबट गल्लीत वाढलेला मुलगा होता. यजमानाला लाजवायचं नसतं हे त्याच्या आजोबांनी त्याला शिकवलं होतं. ती कडू, थंड होत आलेली कॉफी त्यानं एका घोटात संपवली, फिल्जान बशीवर उपडा ठेवला आणि उठला.

"तुझं उत्तर कळलं. सुखी राहा, मेरिमा. अल्लाच्या हवाली."

दार लागलं. ती तशीच बसून. कसलं उत्तर? कधी दिलं?

पार अंधार पडल्यावर फादिला परतली. मुलीचा चेहरा बघितला, मग टेबल बघितलं, मग रिकामा जेज्वा हलवून पाहिला.

"किती पाजलीस त्याला?"

"मला काय माहीत, आई! मी नुसती ओतत..." मेरिमा थांबली. बोटांवर मोजलं. एक... दोन... तिचा हात तोंडावर गेला.

"अगं पोरी!" फादिलानं कपाळावर हात मारला. "एवढी शिकलीस, लोकांची मनं सांधतेस, आणि घरी आलेल्या माणसाला तिसरी पाजून हाकललंस?"

मेरिमानं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

मग ती रडली. लहान मुलासारखी, नाक ओढत. फादिलानं तिला कुशीत घेतलं, पण सूचना एकही केली नाही. ही एक नवलाचीच गोष्ट.

"तुला एक सांगितलं नाही कधी," शेवटी ती म्हणाली. "तू तीन महिन्यांची होतीस. घरात पाणी संपलं होतं. तुझा बाबा बाटल्या घेऊन दारात उभा होता. बाहेर जरा शांत होतं. तो म्हणाला, 'फादिला, आत्ता जाऊ की थांबू?' तू रडत होतीस, माझं लक्ष तुझ्यात. मी म्हटलं... 'तूच बघ.' तो गेला, तो परत आलाच नाही."

खिडकीतून थंड वारं येत होतं. आज फादिला ती लावायला उठली नाही.

"दोष माझा नाही, हे मला कळतं. तू तुझ्या माणसांना सांगतेस तसंच मीही मला सांगते. पण त्या दिवसापासून मी कुणाचा प्रश्न असाच सोडला नाही. मोजे घाल म्हणते, खिडकी लाव म्हणते... तुला वैताग येतो, ठाऊक आहे मला." तिनं मेरिमाच्या गळ्यातला रुमाल सारखा केला. "लेकी, तो राहील नाहीतर जाईल. ते त्याच्या हाती. पण विचारलंय त्यानं. उत्तर दे."

*

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की गल्लीतली दुकानं एकेक करून समोर येत होती. नेदिमच्या दुकानाची फळी अर्धीच उघडलेली. मेरिमाचा खाली जायचा धीर झाला नाही. ती आपल्या खोलीत गेली, नळीपाशी उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदाच वरून तीन टकटकी केल्या.

टक टक टक. मी सुरू करतेय.

काही नाही. नळीतून पाणी गुरगुरलं.

अरे, त्यानं का म्हणून उत्तर द्यावं? तिनं कपाळ नळीला टेकलं. लोखंड कोमट होतं. आणि तेवढ्यात, कपाळालाच जाणवलं...

टक. टक.

ती जिना कशी उतरली ते तिलाच ठाऊक. फळीखालून वाकून आत शिरली, "नेदिम!" म्हणाली, आणि थबकली.

ऐरणीशेजारी, मांडीवर आपलं मठार दिलेलं तबक घेऊन, रझिया मावशी बसल्या होत्या. अंगठी अजून नळीला टेकलेली.

"तो पाव आणायला गेलाय," त्या म्हणाल्या. "मी माझं तबक न्यायला आले होते. वरून कुणीतरी विचारलं. विचारणाऱ्याला उत्तर न देता बसायची मला सवय नाही."

मेरिमाला हसावं की रडावं कळेना. "मावशी, मी..."

"काल कुणीतरी त्याला तिसरी पाजली म्हणे. तोंड असं करून बसलाय, जसं तांबंच काळं पडावं. मी म्हटलं, कल्हई कर रे स्वतःला."

"मावशी, हे तुमच्याशी मी बोलू शकत नाही. तुमचा नि माझा..."

"माझा तास मंगळवारी. आज शनिवार आहे." रझिया मावशींनी तबक काखेत मारलं, गुडघ्यांना हात टेकले, बिस्मिल्ला म्हटलं आणि उठल्या. सात महिन्यांपूर्वी टेबलाखाली लपलेली बाई दारात क्षणभर थांबली. "नाही बोलायचं तर नको बोलूस, पोरी. काही सांगायलाच हवं असं नाही. पण... आवडतं हं, सांगितल्यावर."

फळीखालून नेदिम वाकून आला. हातात गरम पाव, पावाला धुक्याचा ओलावा. मेरिमाला बघून तो जागीच उभा राहिला. मावशी त्याच्या बाजूनं निघून गेल्या. जाता जाता त्याच्या हातातल्या पावाचा एक तुकडाही तोडून नेला.

दोघंच उरली.

"आता मी काहीतरी सांगणार आहे," मेरिमा म्हणाली. आवाज कापत होता, तिनं कापू दिला. "मध्येच अडेन. थांबशील तेवढं. चालेल?"

त्यानं पाव ऐरणीवर ठेवला. हलकेच, बोटाच्या पेरानं, दोनदा वाजवलं.

"कालची तिसरी... ती तिसरी नव्हती. म्हणजे होती, पण मी मोजलीच नव्हती. मी बोलायला भीत होते आणि माझ्या हातांना काम हवं होतं. मी लोकांना माती देते. मला जेज्वा सापडला." तिनं श्वास घेतला. "माझ्या बाबानं आईला विचारलं होतं, जाऊ की थांबू. तिला उत्तर द्यायला जमलं नाही. हे मला कालच कळलं. पण मला वाटतं, माझ्या घशाला ते आधीपासूनच माहीत होतं. कुणी तो प्रश्न विचारला की माझा गळाच बंद होतो. तू ग्राझला गेलास तर मी तुझ्यावर रागावणार नाही. ते तुझं तू ठरव. पण मला काय वाटतं ते मी सांगते. तू नाही विचारायचं, मी प्रश्न नाही उलटवायचा. मला वाटतं..."

ती अडली. तो थांबला. फळीबाहेर कुणाची तरी पावलं गेली. तो थांबूनच होता.

"थांब," ती म्हणाली. "नेदिम, थांब ना. माझ्यासाठी."

इतका वेळ लागला त्या शब्दाला. आणि बाहेर पडला तर किती लहानसा!

नेदिमची भुवई वर गेली. आज तिच्यावर पुन्हा धूळ होती. "मामाला काल संध्याकाळीच फोन करून 'नाही' सांगितलं मी," तो म्हणाला.

"काय? आणि... आणि तुझा फोन बंद का होता?"

"त्यानं अर्धा तास शिव्या घातल्या, मग बंद करून टाकला." तो हसू दाबत होता, दाबलं जात नव्हतं. "तिसरी पिऊन निघालो तेव्हा पुलापर्यंत ठरवलं होतं, जायचं. पुलावर आलो आणि वाटलं, सोमवारपासून नळीवर तीनदा वाजवेल कोण? मग म्हटलं, ती हो म्हणो, ना म्हणो... ठोकायचं तर हिच्या पायाखालीच."

"म्हणजे मी हे सगळं उगाच बोलले?"

"उगाच? मेरिमा, मी तुला शंभर प्रश्न विचारले, त्यातलं हे पहिलं उत्तर आहे. तबकावर कोरून ठेवणार आहे." तो एक पाऊल पुढे आला. "आता मी तुझा हात धरणार आहे. चालेल?"

तिनं वाजवायला ऐरण शोधली नाही. त्याच्या मनगटावरच बोटानं वाजवलं. एकदा. मग लगेच, अजिबात न छळता, दुसऱ्यांदा.

बऱ्याच वेळानं त्यानं विस्तव फुलवला. जेज्वा चढवला. फेस वर आला तसा अलगद उतरवला आणि दोन फिल्जान भरले.

"ही कितवी धरायची?" मेरिमानं विचारलं. "पहिली?"

"छे. कालच्या तीन झाल्या ना. ही चौथी."

"चौथीला काय म्हणतात?"

नेदिम विचारात पडला. आजोबांनी सांगितलेलं सगळं आठवून पाहिलं. "चौथीला नावच नाही," तो म्हणाला. "आजवर तिसरीनंतर थांबलंय कोण?"

तिनं पाव तोडला, अर्धा त्याच्यापुढे केला. तेवढ्यात वरून, तिच्या खोलीतून, आवाज आला. टक टक टक. घाईत तिनं दार उघडं टाकलं होतं आणि रझिया मावशी जिना चढून वर पोचल्या होत्या.

'आहात का?'

दोघांनी एकदमच हात पुढे केला. नळीवर एक ठोका त्याचा पडला, एक तिचा.